चित्रकाराचा बस्ता

लग्नसराईच्या दिवसांत आपण कापडाच्या दुकानात बस्ता बांधायला जातो, तेव्हा जाणत्या दुकानदाराचे एक कसब पाहण्यासारखे असते. त्याच्या पाठीमागच्या फडताळांत शेकडो लुगडी असतात. परंतु गादीवर तो पसरतो ती पाच-सातच. गिऱ्हाईक कोणत्या गावचे, खरेदी वधूसाठी आहे की विहिणीसाठी, हे दोन वाक्यांत काढून घेऊन तो नेमका गठ्ठा खाली ओढतो. त्या पाच-सातांत चार अशी असतात, की त्यांतले एखादे गिऱ्हाईक घेणारच. आणि एखादे असे असते, की ते कोणी घेणार नाही, पण घरी गेल्यावर त्याच्याविषयी बोलत राहील. दुकान चालते ते त्या चारांवर, आणि दुकानाचे नाव होते ते त्या एकामुळे.

पुस्तकांसाठी, नियतकालिकांसाठी आणि जाहिरातींसाठी चित्रे काढणाऱ्या कलावंतालाही आपल्या कामाचा असाच एक बस्ता बांधावा लागतो. त्याला पोर्टफोलिओ म्हणतात, आणि हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे, की त्याला प्रतिशब्द शोधण्याचा खटाटोप मी करीत नाही. पूर्वी तो काळ्या पुठ्ठ्याचा, फितीने बांधलेला असे, आणि लोकलच्या गर्दीत तो वाचविण्यासाठी चित्रकार स्वतः चेंगरून घेत. आज तो बहुधा संगणकावर असतो आणि क्षणार्धात मुंबईहून दिल्लीला किंवा इंदूरहून बंगळूरला पोचतो. वाहन बदलले, पण प्रश्न जुनाच राहिला आहे. ह्या बस्त्यात काय घालावे? लोकांना आवडेल ते, की आपल्याला आवडते ते? एकच गोष्ट उत्तम करून दाखवावी, की दहा गोष्टी येतात हे दाखवावे?

हा प्रश्न मला माझ्या कामामुळे पडला. एका प्रकाशनसंस्थेत मुखपृष्ठे आणि आतली चित्रे कोणाकडून करवून घ्यावीत, हे ठरविण्याचे काम मी पुष्कळ वर्षे केले. त्या काळात शेकडो पोर्टफोलिओ माझ्या मेजावर उघडले आणि मिटले. त्यांपैकी दोन मला विसरता येत नाहीत.

पहिला एका मुलीचा होता. कोकणातल्या एका गावाहून ती ऐन श्रावणात आली होती. चित्रे प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली आणि स्वतः ओलीचिंब. तिच्या संचात चाळीसएक चित्रे होती. एक जलरंगातले, एक लिनोकटासारखे, एक जपानी ठशांच्या वळणाचे, एक वारली चित्रांची आठवण करून देणारे, एक तैलरंगातले व्यक्तिचित्र. प्रत्येक चित्र चांगले होते, आणि तरीही मी तिला काम दिले नाही. ‘छान आहे, कळवू,’ एवढेच म्हणालो. माझ्या मनात आलेली शंका मी तिला सांगावयास हवी होती. ती शंका अशी, की हिला मी एका बालकथासंग्रहाची वीस चित्रे सांगितली, तर ह्या चाळीस हातांपैकी कोणता हात ती काढील?

दुसरा एका मध्यमवयीन चित्रकाराचा. दिनदर्शिकांवरची गुटगुटीत बाळे आणि हसऱ्या सुवासिनी काढण्यात त्याचा हातखंडा होता. ह्या एका कौशल्यावर त्याने घर बांधले, मुले शिकविली. पुढे त्या चित्रांची मागणी आटली आणि तो पुस्तकांचे काम मागण्यासाठी माझ्याकडे आला. मी म्हणालो, ‘दुसरे काही दाखवा.’ त्याने संच पुन्हा पुढून मागे चाळला, मग मागून पुढे चाळला, आणि हळूच मिटला. दुसरे काही त्याच्याजवळ नव्हते. ‘कोणी मागितलेच नाही हो,’ तो म्हणाला. त्याचे ते वाक्य मला अजून ऐकू येते. त्या मुलीजवळ सारे होते, पण गिऱ्हाइकाला धरता येईल असे टोक नव्हते. ह्या गृहस्थाजवळ टोक होते, पण त्याच्या मागे दुसरा धागाच नव्हता.

ह्या दोहोंच्या मधली वाट कोणती, ते पाहण्यापूर्वी ‘व्यावसायिक आकर्षण’ म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. पुष्कळ तरुण चित्रकारांचा असा समज असतो, की ते म्हणजे गोडपणा: डोळे मोठे, रंग भडक, सारे कसे चकचकीत. वस्तुतः संपादक किंवा कलादिग्दर्शक चित्र पाहताना सौंदर्याइतकाच भरवसा शोधत असतो. ह्या चित्रकाराने मजकूर वाचला आहे काय? पहिल्या पानावर जी आजी त्याने काढली, तीच आजी सोळाव्या पानावर पाठमोरी, आणि तिसाव्या पानावर रागावलेली ओळखू येईल काय? मुखपृष्ठावर पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव बसेल एवढी मोकळी जागा त्याने राखली आहे काय? चित्र टपाल तिकिटाएवढे लहान केले तर टिकेल काय? आणि सांगितलेल्या दिवशी ते हाती पडेल काय? एकही गोड चेहरा न काढता ह्या सगळ्या प्रश्नांना होकार देणारा संच व्यावसायिक दृष्ट्या आकर्षक असतो, आणि शंभर गोड चेहरे असूनही ह्यांपैकी एकाचेही उत्तर न देणारा संच परत जातो.

विविधतेविषयीही असाच घोटाळा होतो. विविधता दोन प्रकारची असते. एक हाताची: आज जलरंग, उद्या शाई, परवा आणखी कोणाची तरी शैली. दुसरी दृष्टीची: तोच हात, पण आज विनोदी कथा, उद्या करुण, आज बाजारातली गर्दी, उद्या रिकाम्या खोलीतली खुर्ची. पहिलीने पाहणारा चकित होतो आणि गोंधळतो. दुसरीने त्याचा विश्वास वाढत जातो. पोर्टफोलिओत हवी ती मुख्यतः दुसरी.

आपल्या परंपरेत ह्याचे दाखले भरपूर आहेत. 1867 मध्ये कोल्हापुरात जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर ह्यांचेच पाहा. जे. जे. कलाशाळेत विद्यार्थी आणि पुढे शिक्षक म्हणून त्यांनी घालविलेल्या काळाची गोष्ट त्यांनी ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’ ह्या आपल्या आत्मवृत्तात सांगितली आहे. पौराणिक आणि ऐतिहासिक प्रसंगांची मोठी चित्रे काढणाऱ्या ह्या कलावंताने मुंबईतल्या नाना जातीजमातींच्या स्त्रीपुरुषांची पोस्टकार्डे काढली, किंकेडच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ ह्या 1914 मधील पुस्तकात आपल्या कहाण्या चित्रांत उतरविल्या, आणि रॉथफील्डच्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकासाठी प्रांतोप्रांतीच्या स्त्रिया रंगविल्या. कामे निरनिराळी, गिऱ्हाइके निरनिराळी. पण मनुष्याकृतीच्या रेखाटनावरची ती पकड सर्वत्र एकच. पोस्टकार्ड विकत घेणाऱ्याला आणि भव्य चित्रासमोर उभे राहणाऱ्याला एकाच धुरंधरांची ओळख पटते.

दीनानाथ दलालांची गोष्ट आणखी बोलकी आहे. 1916 ते 1971 हे त्यांचे आयुष्य. मराठी पुस्तकांची शेकडो मुखपृष्ठे त्यांच्या हातून उतरली. आणि 1945 मध्ये त्यांनी स्वतःचा ‘दीपावली’ अंक सुरू केला. ह्या घटनेकडे मी एका वेगळ्या दृष्टीने पाहतो. प्रकाशक जी मागणी करतील ती पुरी करता करता, जे कोणी मागत नाही ते काढण्यासाठी त्यांनी स्वतःची जागा निर्माण केली. वास्तवदर्शी व्यक्तिचित्र, अलंकारिक रचना, हास्यचित्र हे सारे तिथे शेजारी शेजारी नांदले. त्या दृष्टीने दिवाळी अंक हाच दलालांचा पोर्टफोलिओ होता, आणि तो दरवर्षी घरोघर जात होता.

त्यांचे समकालीन रघुवीर मुळगावकर ह्यांच्या देवदेवता दिनदर्शिकांतून कितीतरी घरांच्या भिंतींवर पोचल्या. त्याच हाताने बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठेही रंगविली. प्रसन्न वदनाची लक्ष्मी आणि अंधारातून पुढे येणारा झुंजार ह्यांत अंतर केवढे! पण प्रकाशाची ती मृदू, तुकतुकीत झिलई दोहोंकडे सारखी. हाताची खूण राखून विषयांचे टोक कुठवर गाठता येते, हे ह्यावरून कळते.

उलट टोकाला वसंत सरवटे. रंगांचा, माध्यमांचा पसारा त्यांनी फारसा मांडला नाही. एक बारीक, चौकस रेषा घेऊन ते आयुष्यभर वावरले. परंतु त्या एका रेषेने जयवंत दळवींच्या ‘ठणठणपाळा’ला रूप दिले, पु. ल. देशपांड्यांच्या लेखनाला साथ दिली, आणि ‘ललित’च्या मुखपृष्ठांवर साहित्यिकांच्या जगाचीच थट्टा केली. साधन एक, पण विचार दरवेळी नवा. ज्यांना वाटते की विविधतेसाठी दहा माध्यमे आलीच पाहिजेत, त्यांनी सरवट्यांची चित्रे पुन्हा पाहावीत.

महाराष्ट्राबाहेर पाहावयाचे तर सत्यजित राय ह्यांचे उदाहरण डोळ्यांसमोर येते. 1943 मध्ये ते कलकत्त्याच्या एका जाहिरातसंस्थेत लागले. त्याच सुमारास सिग्नेट प्रेससाठी मुखपृष्ठे करू लागले. ‘पथेर पांचाली’च्या मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रे त्यांनी काढली, आणि 1955 च्या त्यांच्या पहिल्या चित्रपटाचे बीज त्या चित्रांतच रुजले. पुढे ‘एक्षण’ ह्या नियतकालिकाच्या नावातली तीनच बंगाली अक्षरे घेऊन त्यांनी अंकामागून अंकाची मुखपृष्ठे रचली. दरवेळी अक्षरे तीच, दरवेळी रूप वेगळे. बंधन जितके घट्ट, तितकी कल्पकता अधिक उघड दिसते, ही गोष्ट ज्याला पोर्टफोलिओ बांधावयाचा आहे त्याने मनात कोरून ठेवावी.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे वळू. संच बारा ते वीस चित्रांचा असावा, असे माझे मत आहे. बाराहून कमी असतील तर अनुभव अपुरा वाटतो; विसाहून अधिक झाली की पाहणाऱ्याचे लक्ष विरते, आणि त्यातले सर्वांत दुबळे चित्र त्याच्या स्मरणात राहते. समजा, आपण सोळा चित्रे निवडली. त्यांपैकी दहा अशी असावीत, की ज्या प्रकारचे काम आपल्याला उद्या हवे आहे त्याच प्रकारची ती असतील. मागे केलेले काम आणि पुढे हवे असलेले काम ह्यांत फरक असतो, हे ध्यानात ठेवा. ज्याला मुलांची पुस्तके करावयाची आहेत, त्याने औषधांच्या माहितीपत्रकांसाठी काढलेली चित्रे, ती छापून आली असली तरी, मागे ठेवावीत. कारण जे दाखवाल तेच पुन्हा मागितले जाईल. चार चित्रे शेजारच्या प्रांतातली असावीत: बालसाहित्याच्या चित्रकाराजवळ एखादे वर्तमानपत्री कृष्णधवल रेखाचित्र, एखादे प्रौढ कादंबरीचे मुखपृष्ठ, एखादा नकाशा, एखादी हस्ताक्षरांची रचना. उरलेली दोन मात्र केवळ स्वतःसाठी काढलेली असावीत, कोणी न सांगता आणि कोणाचे पैसे न घेता. ती दोन म्हणजे गादीवरचे ते एक लुगडे.

ह्या दोन चित्रांना कमी लेखू नका. रा. कृ. लक्ष्मण ह्यांच्या सामान्य माणसाला सारा देश ओळखतो, आणि एका रंगकंपनीसाठी 1954 मध्ये त्यांनी काढलेला ‘गट्टू’ हा व्रात्य मुलगाही कित्येकांना आठवत असेल. आर. के. नारायण ह्या आपल्या भावाच्या मालगुडीच्या कथांनाही त्यांनीच चित्ररूप दिले. परंतु हे सारे चालू असताना लक्ष्मण आयुष्यभर कावळे काढीत राहिले. कावळ्यांची मागणी कोणी केली नव्हती. ते त्यांचे स्वतःचे प्रेम होते, आणि त्या प्रेमानेच त्यांची रेषा ताजी राहिली असे मला वाटते. ह्याच लक्ष्मणांना तरुणपणी मुंबईच्या कलाशाळेने प्रवेश नाकारला होता, हेही येथे सांगितले पाहिजे. संच एका दारातून परत आला म्हणजे तो वाईटच असतो, असे नाही. कधी कधी दारच चुकलेले असते.

क्रमाचाही विचार हवा. सर्वोत्तम चित्र पहिले ठेवावे, आणि त्याच्या खालोखालचे शेवटी. एकेकटी चित्रे ओळीने मांडण्यापेक्षा दोन-तीन मालिका ठेवाव्यात: एकाच कथेची चार चित्रे, एकाच पात्राचे निरनिराळे भाव. चित्रकार एक चांगले चित्र काढू शकतो हे एका चित्रावरून कळते. पुस्तक पेलू शकतो की नाही, हे मालिकेवरूनच कळते. एखाद्या चित्रापाशी त्याची कच्ची रेखाटनेही जोडावीत. तीन रचना करून दोन का टाकल्या, हे पाहणाऱ्याला दिसले म्हणजे त्याला चित्रामागचा विचार दिसतो.

‘पण मला अजून कोणी कामच दिलेले नाही, मग संच कशाचा करू?’ असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर असे, की काम आपणच आपल्याला सांगावे. दिवाकरांच्या नाट्यछटा घ्या. दिवाकर 1931 मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांचे लेखन आज सर्वांना मोकळे आहे. नाट्यछटेत एकच व्यक्ती बोलते. ऐकणारा दिसत नाही, त्याचे शब्दही ऐकू येत नाहीत. चित्रकारापुढे लगेच पेच उभा राहतो: त्या न दिसणाऱ्या माणसाला चित्रात आणावयाचे की नाही? आणले तर लेखकाची किमया नाहीशी होते. न आणावे तर बोलणारा वेड्यासारखा भिंतीशी बोलतो आहे असे वाटेल. मग सावली दाखवावी, की अर्धे उघडे दार, की समोर ठेवलेला दुसरा चहाचा पेला? एकच नाट्यछटा घेऊन तिची तीन चित्रे करावीत: एक शालेय पुस्तकासाठी, एक दिवाळी अंकाच्या पूर्ण पानासाठी, आणि एक वर्तमानपत्राच्या एका स्तंभाच्या रुंदीचे, केवळ काळ्या शाईत. स्वतःला तारीख घालून द्यावी, आणि ती पाळावी. ही तीन चित्रे शेजारी शेजारी ठेवली, तर व्यवसायाची जाण आणि कल्पनेची श्रीमंती ह्या दोन्ही गोष्टी एकदमच सिद्ध होतात. त्यांच्यात भांडण आहे असे आपण समजत होतो. पण चांगल्या मजकुरापुढे ते भांडण पुष्कळ अंशी मिटते.

छपाईचे ज्ञान हाही ह्या बस्त्याचा एक पदर आहे. जुन्या काळी ब्लॉकांवर छपाई होई, तेव्हा प्रत्येक जादा रंगाला वेगळा ब्लॉक लागे आणि खर्च वाढे. दोन रंगांत तिसऱ्याचा भास निर्माण करण्याची युक्ती तेव्हाच्या चित्रकारांनी ह्या टंचाईतूनच शिकून घेतली. आज रंगांची टंचाई नाही, पण निराळी अडचण आहे. संगणकाचा पडदा तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन प्रकाशांतून रंग दाखवितो. कागदावर मात्र आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांतून रंग उमटतो. पडद्यावर झगमगणारा पोपटी किंवा गडद निळा कागदावर उतरताच मलूल होतो. म्हणून संचातली निदान चार चित्रे प्रत्यक्ष छापून पाहिलेली असावीत. मूळ प्रत इंचाला तीनशे ठिपके ह्या हिशेबाने साठवावी, आणि दाखविण्यासाठी हलकी प्रत वेगळी करावी. ज्याची फाइल उघडायलाच दहा मिनिटे लागतात, त्याची चित्रे उघडण्यापूर्वीच बाजूला पडतात.

एक इशारा कायद्याविषयीही. 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्राचा पहिला मालक सामान्यतः चित्रकारच असतो. परंतु मोबदला देऊन एखाद्याने चित्र करवून घेतले असेल आणि उलट करार झालेला नसेल, तर ती मालकी करवून घेणाऱ्याकडे जाऊ शकते. म्हणून काम स्वीकारतानाच, ‘हे चित्र माझ्या पोर्टफोलिओत दाखविण्याचा हक्क मला राहील,’ हे एक वाक्य पत्रात लिहून घ्यावे. हक्क देण्याचा करार लेखीच असावा लागतो, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, हेही ठाऊक असू द्यावे. संकोचापायी आपली माणसे ह्या गोष्टी बोलत नाहीत, आणि मग आपलेच चित्र दाखविण्यासाठी दुसऱ्याची परवानगी मागण्याची वेळ येते.

अलीकडे ह्या व्यवसायात एक नवा प्रतिस्पर्धी आला आहे. चार शब्द सांगावेत आणि यंत्राने चित्र काढून द्यावे, असे आता घडते आहे. आणि ज्यांचा सारा भर नुसत्या चकचकीतपणावर होता, त्यांना त्याची झळ आधी लागते आहे. अशा वेळी पोर्टफोलिओचे महत्त्व कमी होण्याऐवजी वाढलेच आहे, असे माझे मत आहे. जाणत्या संपादकाला नुसते चित्र नको असते. हा क्षण का निवडला, खिडकी डावीकडे का ठेवली, आजीच्या हातात जपमाळ न देता चष्मा का दिला, ह्याचे उत्तर देणारा माणूस त्याला हवा असतो. ते उत्तर वहीतल्या कच्च्या रेघोट्यांत सापडते, आणि म्हणूनच त्या रेघोट्या जपून ठेवाव्यात.

शेवटी, बस्ता एकदा बांधून संपत नाही. वर्षातून दोनदा तो उघडावा, जुनी दोन चित्रे काढावीत आणि नवी दोन घालावीत. आणि ज्याला भेटावयास जाणार, त्याने काय छापले आहे ते आधी पाहावे. पाठ्यपुस्तके छापणाऱ्याला आणि कवितासंग्रह छापणाऱ्याला एकच संच, एकाच क्रमाने दाखवू नये. फडताळ मोठे असावे. गादी लहान असावी. दिनदर्शिका रंगविणाऱ्या त्या गृहस्थाजवळ गादीच होती, फडताळ नव्हते. मागणी भरपूर होती त्या वर्षांत त्याने महिन्याला एक चित्र जरी न मागता काढले असते, तर माझ्यासमोर त्याला संच तसा मिटावा लागला नसता.

आणि त्या मुलीजवळ फडताळ होते. गादीवर काय पसरावे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. सांगण्याचे काम माझे होते आणि ते मी टाळले. सुमारे दोन वर्षांनी ती पुन्हा आली. ह्या वेळी संचात चौदाच चित्रे होती. त्यांपैकी दहा एकाच भावंडांच्या जोडीची: होडीतली, शाळेतली, तापाने फणफणलेली, आंब्याच्या राशीवर झोपलेली. ‘बाकीची कुठे आहेत?’ मी विचारले. ‘घरी आहेत,’ ती म्हणाली. ‘ती काढली नसती, तर ही जमली नसती. पण ती तुम्हाला दाखवायची नव्हती, हे मला उशिरा कळले.’

त्या दिवशी तिला मी एका पुस्तकाचे काम दिले. आणि मग, दोन वर्षे उशिराने का होईना, पहिल्या भेटीत माझ्या मनात काय आले होते, तेही तिला सांगितले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘तेव्हाच सांगितले असते, तर दोन पावसाळे वाचले असते.’ तिचे म्हणणे खरे होते. तेव्हापासून संच परत करताना मी कारण सांगू लागलो. आज जे सांगितले ते त्याच कर्जाची थोडीफार फेड आहे, असे श्रोत्यांनी समजावे.